पुसलेला नारळ

त्या चित्रफितीतला नारळ मी पुसला. कुणी सांगितलं म्हणून नाही, आणि घाईत बटण दाबलं गेलं म्हणूनही नाही. चहा पीत, सावकाश, माऊसनं त्याच्या वाटेभोवती एक कुंपण आखलं आणि संगणकाला सांगितलं की या कुंपणाच्या आतलं काही मोजू नकोस. आमच्या कामात याला मास्क लावणं म्हणतात. अगदी किरकोळ काम आहे. नदीच्या चित्रात एखादी फांदी लोंबत असते, पुलाची सावली पडलेली असते, तिथं मास्क लावतात. मी नारळाला लावला. त्या नारळाबरोबर एका माणसाचा शब्द पुसला गेला हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि कळल्यावर तोंड उघडायला आणखी चार.

श्रावण अर्ध्यावर आला की आमच्या इमारतीखाली लच्छूसाईंच्या दुकानापुढं नारळांचे ढीग लागतात. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातली ही गल्ली आधीच अरुंद. ढीग लागला की अंग चोरून जावं लागतं. इतकी वर्षं मी ते ढीग दिसले की पलीकडच्या गल्लीनं वळसा घालून घरी यायचो. यंदा ती गल्ली गटाराच्या कामासाठी खणून ठेवली होती. वाट एकच उरली.

"मास्टर साईं," लच्छूसाईं दुकानातूनच ओरडले, "हर साल मुँह छुपा के जाते हो. नारियल से क्या दुश्मनी है?"

"दुश्मनी कसली? घाईत असतो."

"भाभीने चार बोला है. नारळीभात बनाएगी. पकडो."

त्यांनी एक माझ्या हातात दिला. सवयीनं मी तो कानाशी नेऊन हलवला. आतलं पाणी या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत होतं. नारळ चांगला आहे की नाही हे ओळखायला आपण सगळेच असं करतो. मी मात्र तिथं गल्लीत उभा राहून तो हलवतच राहिलो. आतल्या पाण्याला बाहेरची वाट नव्हती, आणि तो आवाज मला फार ओळखीचा वाटला.

*

मी हायड्रॉलिक्स शिकवतो. नळातलं, कालव्यातलं, नदीतलं पाणी कसं वाहतं याचा हा विषय. सहा वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका कार्यालयानं आमच्या महाविद्यालयाकडं एक काम दिलं. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, नदीकाठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही. गावाच्या पुलाच्या खांबावर एक लाल रेष होती. पाणी त्या रेषेला लागलं की खालच्या आळीनं गुरं-माणसं घेऊन वरच्या शाळेत जायचं, असा रिवाज होता. रेष फार खाली आहे, उगाच पळापळ होते, अशी तक्रार होती. पाण्याचा वेग नीट मोजा, आणि रेष कुठं हवी ते सांगा, एवढंच काम.

वेग मोजायला पूर्वी पाण्यात यंत्र सोडावं लागे. पुराच्या पाण्यात यंत्र सोडणं म्हणजे यंत्राला आणि माणसालाही धोका. आता पुलावर कॅमेरा लावतात. काठच्या खडकांवर पांढऱ्या रंगानं फुल्या मारायच्या, त्यांच्यातलं अंतर टेपनं मोजून ठेवायचं, म्हणजे चित्रातला बोटभर भाग म्हणजे खरी नदी किती हे कळतं. मग संगणक एका चित्रातला पाण्याचा इवलासा चौकोन उचलतो, त्यावरचा फेस, सुरकुत्या, चमक लक्षात ठेवतो, आणि पुढच्या चित्रात तो चौकोन कुठं गेला ते शोधतो. जत्रेत हरवलेलं माणूस आपण त्याच्या शर्टावरून शोधतो तसं. सापडला की तिथं बाण काढतो. बाण लांब तर पाणी वेगात. मिनिटभराच्या चित्रीकरणातून नदीभर बाणांचं शेत उगवतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला नदीची नाडी हातात आल्यासारखं वाटलं होतं.

तो श्रावण मला वासांनी आठवतो. ओल्या शेणाचा, पुलाच्या गंजक्या कठड्याचा, कॅमेऱ्यावर घातलेल्या निळ्या प्लास्टिकचा. भाताची रोपं नुकती धरलेली. बांधावर टाकळा गुडघ्याएवढा झालेला. बायका कर्टोल्यांची टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला बसायच्या आणि शनिवारी फार्महाऊसवर येणाऱ्या गाड्यांकडं पाहायच्या. ऊन एकदम पडायचं, पाणी चकाकायचं, आणि मी कॅमेऱ्याला शिव्या द्यायचो, कारण चकाकीत फेस दिसत नाही.

पुलावर पहिल्याच दिवशी भेटले नाना भोईर. खांबावरची पट्टी वाचून पाण्याची उंची वहीत लिहिणं हे त्यांचं काम. आधी त्यांचे वडील करायचे. तिथल्या आगरी बोलीत थोराला-लहानाला एकेरीच हाक मारतात. मलाही त्यांनी पहिल्यापासून एकेरीतच घेतलं, आणि मला ते आवडलं.

पाण्यावर खुणा दिसाव्यात म्हणून मी पुलावरून पोतंभर कुरमुरे ओतत होतो. नाना कठड्याला टेकून पाहत होते.

"काय रं मास्तर, नदीची भेल करतंस का?"

"वेग मोजायचाय, नाना."

"मंग कांदा-चटनी पन टाक. मासं तरी आशीर्वाद देतील."

कुरमुरे काठाच्या संथ पाण्यात छान रांगेनं जायचे. मधल्या धारेत मात्र, जिथं खालच्या खडकावरून पाणी उसळून पांढरं व्हायचं, तिथं ते क्षणात भिजून दिसेनासे व्हायचे. तिथं दिसायच्या फक्त लाटा. एकाआड एक, उंच, फेसाळ. मी त्या लाटांवर समाधान मानलं. संगणकाला काहीतरी खूण हवी असते. लाट ही खूणच की.

"पान्याला इचारायचं तं वरवर नको इचारू," नाना म्हणाले. ते स्वतः वेग मोजायला एक लाकडाचा ओंडका सोडायचे. त्याच्या खाली दगड बांधलेला, म्हणजे तो तीन हिस्से बुडून जायचा. "थोरा बुडून इचार. वरचा कुरमुरा वरच नाचतं."

मी हसलो होतो. त्या हसण्याचा आवाज मला अजून येतो.

*

नारळी पौर्णिमा त्याच आठवड्यात आली. समुद्र तिथून लांब आहे, पण ती नदी खाडीला मिळते आणि खाडी समुद्राला, म्हणून गावाचा नारळ पुलाजवळूनच पाण्यात जातो. पहिला नारळ पट्टी वाचणाऱ्याचा, असा मान होता. नानांनी नारळाला सोनेरी कागद गुंडाळला, हळद-कुंकू लावलं, खडकावर उतरून मधल्या धारेत सोडला, आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाची कळ दाबली. पुलाजवळच्या लोखंडी खुंटापासून खालच्या उंबरापर्यंतचं अंतर त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी मोजून ठेवलं होतं. नारळ उंबराशी पोचला तशी त्यांनी परत कळ दाबली आणि वर माझ्याकडं पाहून बोटांनी खूण केली. दोन्ही हात, मग आणखी दोन बोटं. बारा.

माझा कॅमेरा चालूच होता. खुंट आणि उंबर, दोन्ही चित्रात होते.

खालच्या आळीतली ठकूबाई म्हशी राखायची. चार म्हशी, त्यांच्यावरच घर. ती कंबरेवर हात ठेवून ओरडली, "नाना, तुझा नारल बारात जाव दे नाय तं सोलात! तुझ्या रेषेपायी माझ्या म्हशी वर्साला चारदा शालंत जातान. आता तिसरीत बसवते त्यांना."

सगळे हसले. नानाही हसले. "म्हशी शिकतील गो. तू शिकलीस तं बरा होईल."

दोन दिवसांनी मी संगणकासमोर बसलो. मधल्या धारेत बाण आखूड आले होते. त्या हिशेबानं खुंटापासून उंबरापर्यंत जायला पाण्याला तीस सेकंद लागायला हवे होते. आणि त्या आखूड बाणांमधून, मिनिटभराच्या चित्रात फक्त बारा सेकंद, लांबच लांब बाणांची एक ओळ सळसळत गेली होती. सोनेरी ठिपक्याच्या मागोमाग.

मी थांबलो होतो. हे इथं कबूल करायला हवं. चहाचा कप हातात होता आणि मी क्षणभर खरंच थांबलो होतो. मग स्वतःला समजावलं: ती एकच वस्तू आहे, परकी आहे, कागदाची चकाकी आहे, संगणक फसला असणार. हजार बाण एक सांगतात आणि एक नारळ दुसरं सांगतो, तर शिकलेल्या माणसानं कुणाचं ऐकायचं? मी कुंपण आखलं. बाण नाहीसे झाले. चित्र नीटनेटकं दिसू लागलं.

अहवालात मी लिहिलं: "स्थानिक निरीक्षकाच्या नोंदींत अतिशयोक्ती आढळते." हे वाक्य लिहायची गरज नव्हती. आकडे दिले असते तरी पुरे होतं. पण नानांची वही आणि माझे बाण जुळत नव्हते, आणि दोन्हींपैकी कुणीतरी चुकलेलं असणार हे मला कागदावर मिटवून टाकायचं होतं.

पाणी संथ आहे, पळायला वेळ मिळतो, असं ठरल्यावर रेष दीड हात वर गेली. गाव खूश झालं. पट्टी वाचायचं काम कॅमेऱ्याकडं आलं. जुनी रेष खरवडून नवी काढायचं शेवटचं काम नानांनाच दिलं गेलं, कारण दोर बांधून खांबावर उतरणं त्यांनाच जमायचं. मी पुलावर उभा होतो. त्यांनी ती सरळ रंगवली, एक ओघळ येऊ दिला नाही. वर येऊन हात पुसले, वही काखेत मारली आणि म्हणाले, "बघ मास्तर, सरल हाय ना?"

"सरळ आहे," मी म्हणालो.

*

पुढच्या वर्षी पाणी आलं ते सकाळी दहाच्या सुमाराला, लख्ख उजेडात. मी तिथं नव्हतो. जे सांगतो ते मागाहून ऐकलेलं आहे. जुनी रेष जिथं होती तिथं पाणी लागल्याबरोबर नाना खालच्या आळीत दारोदार फिरले. लोकांनी पुलाकडं बोट दाखवलं. नवी रेष अजून दीड हात वर, कोरडी, लालभडक दिसत होती.

"अजून लांब हाय," ठकूबाई म्हणाली. "कागदावर लिवलंय. मशीन खोटा बोलतं का?"

नाना तिच्याशी वाद न घालता गोठ्यात शिरले आणि स्वतः दावी सोडू लागले. दोन म्हशी निघाल्या. तिसरी बुजली आणि तिनं नानांना भिंतीवर दाबलं. तोवर मधली धार काठ सोडून आळीत आली होती. माणसं सगळी वाचली. नानांना दोघांनी ओढून काढलं. दोन म्हशी दाव्यालाच राहिल्या. नानांचा गुडघा परत कधी वाकला नाही.

मला कार्यालयातून फोन आला. कॅमेरा वाहून गेला का, एवढंच विचारलं. रेषेबद्दल कुणी विचारलं नाही. पाणीच यंदा विचित्र आलं, असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. गावात म्हणे असंही बोलणं झालं की नाना हट्टी. मशीननं खोटं पाडलं म्हणून खुन्नस धरून गोठ्यात शिरला.

*

आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या भिंतींची एक लांब नाली आहे. पंप पाणी वरच्या टोकाला उचलून देतो, ते काचेतून धावत खालच्या टोकाला येतं, टाकीत पडतं, आणि पंप पुन्हा तेच उचलतो. कित्येक महिने तेच पाणी. धावतं, फेसाळतं, आवाज करतं, आणि कुठंही जात नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला वास येऊ लागतो.

त्या नालीत लाकडाचा एक ठोकळा ठेवला की त्याच्या पुढं पाण्यावर लाट उभी राहते. उभी लाट. मी दर वर्षी शिकवतो. परीक्षेत आकृतीसकट विचारतो.

पुराला वर्ष होऊन गेलं होतं. प्रयोगशाळेच्या परबबाई, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, सकाळी नाली पुसायला आल्या होत्या. पंप चालू होता. वाकल्या तशी त्यांच्या अंबाड्यातली अबोलीची वेणी सुटून पाण्यात पडली. अर्धी बुडालेली वेणी ठोकळ्यावरून, लाटेच्या पोटातून सळकन निघून टाकीत गेली.

"अरेच्चा," परबबाई म्हणाल्या, "लाट आहे तिथंच आहे, आणि माझी वेणी गेलीसुद्धा."

मी खडू हातात घेऊन उभा होतो. पाणी निघून जातं, लाट जागच्या जागी उभी राहते. पंचवीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं वाक्य. पुलाखाली खडकावर ज्या लाटा होत्या त्या उभ्या लाटा होत्या. माझ्या संगणकानं त्यांच्या सुरकुत्या लक्षात ठेवल्या, पुढच्या चित्रात शोधल्या, आणि त्या जवळपास तिथंच सापडल्या. म्हणून बाण आखूड. कॅमेऱ्यानं लाट मोजली. पाणी त्या लाटांच्या आतून दुपटीहून जास्त वेगानं निघून जात होतं, आणि त्या सगळ्या चित्रात पाण्याबरोबर जाणारी वस्तू एकच होती. निम्मीअधिक बुडालेली, सोनेरी कागदातली.

"सर, बरं नाही का वाटत?" परबबाईंनी विचारलं.

"वेणी काढून देतो," मी म्हणालो, आणि टाकीत कोपरापर्यंत हात घातला.

त्याच दुपारी जुनी फाईल उघडून मास्क काढला. बाण परत आले. घड्याळ लावून मोजलं. बारा.

*

पुढच्या चार वर्षांचं काय सांगू? दुरुस्तीचं पत्र मी त्याच आठवड्यात लिहिलं. "मापनपद्धतीत त्रुटी संभवते." वाचून मलाच किळस आली, त्यात ना मी होतो, ना नाना. खोडलं. पुन्हा लिहिलं. मग महाविद्यालयाची तपासणी आली, मग बढतीची मुलाखत आली, मग अहवाल जुना झाला, आता कोण उघडतंय, असं स्वतःशी म्हणालो. पत्र संगणकात राहिलं. चित्रफीतही त्याच्या शेजारी. कधी कधी दुपारी खोलीचं दार लावून मी ती लावायचो. एक मिनिट. नारळ खुंटाशी येतो, उंबराशी जातो. मग चित्रफीत संपते आणि आपोआप पहिल्यापासून सुरू होते. नारळ पुन्हा खुंटाशी येतो. त्या नारळाला मी सहा वर्षांत एकदाही समुद्रापर्यंत जाऊ दिलं नाही.

आमच्या खोलीच्या मागं वालधुनीचा नाला वाहतो. खिडकी उघडली की वास येतो, म्हणून आम्ही ती बारा महिने बंद ठेवतो. नदीवर बोलून पोट भरणारा माणूस नदीकडची खिडकी बंद करून राहतो, हे सुनंदा, माझी बायको, हसत पाहुण्यांना सांगायची. मी हसायचो नाही.

एकदा नानांकडं जायला स्कूटर काढून निघालो तो चिखलोलीपर्यंतच गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारती, प्रत्येकीवर नदीचं, झऱ्याचं, तळ्याचं नाव. एका फाटकापाशी दहा मिनिटं उभा राहिलो. रखवालदारानं विचारलं, "फ्लॅट देखना है क्या?" मी हो म्हणालो. अर्धा तास सॅम्पल फ्लॅट पाहिला आणि घरी परत आलो.

दुसऱ्यांदा पोचलो. तेच जास्त वाईट झालं. नाना ओट्यावर पाय लांब करून बसले होते. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, चहा दिला. नानांनी माझ्या मधुमेहाची चौकशी केली. मी त्यांच्या गुडघ्याला कुठलं तेल लावावं ते सांगितलं. ठकूबाई समोरून गेली, हातात मोळी होती, मागं म्हैस नव्हती. उरलेल्या दोन्ही तिनं विकल्या, असं काकू म्हणाल्या.

"पहिला नारळ अजून तुम्हीच सोडता ना?" मी विचारलं.

"छे," नाना म्हणाले. "आता मी मागं उभा रातो. ज्याचा शब्द खरा त्याचा मान."

त्यात टोमणा नव्हता, हेच असह्य होतं. मी चहा संपवला आणि उठलो.

*

तर यंदा, त्या एकाच उरलेल्या गल्लीत, मी नारळ हलवत उभा होतो. लच्छूसाईंच्या चाळीस दिवसांच्या उपासाचे, चालिहोचे, दिवस होते. ते पलंगावर झोपत नाहीत, साबण लावत नाहीत, दाढी वाढलेली असते, आणि शेवटी पाण्याच्या देवाची मटकी डोक्यावर घेऊन पाण्याला जातात.

"साईं," मी विचारलं, "चाळीस दिवस मागता काय तुम्ही पाण्याकडं?"

"माफी. और क्या?"

"कशाची?"

"मास्टर, तुमको याद करनी पड़ती है क्या?"

मी चार नारळ घेऊन जिना चढलो. सुनंदाला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला नारळीभात आवडत नाही." मग उठून तिनं एक नारळ वेगळा काढला. "हा तिथं न्या. भात तुम्ही आल्यावर करीन."

पत्र त्या दिवशी पाठवलं. त्यात एकच नवं वाक्य घातलं: निरीक्षकाची नोंद बरोबर होती, माझी चूक होती, रेष जुन्या जागी आणावी. पाठवल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. पत्र कार्यालयाला गेलं होतं. ज्यांच्याकडं ते जायला हवं होतं ते अजून तिथंच होते.

पौर्णिमेला दुपारी पोचलो. नाना ओट्यावर. मी फोन काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला.

"हा माझा नारल," ते लगेच म्हणाले. मग ओठ हलवत मोजू लागले. उंबराशी थांबले. "बारा."

"बारा," मी म्हणालो. "नाना, मी हा…"

"थांब." ते भिंतीला धरून उठले, आत गेले, वही घेऊन आले. पानं उलटली. निळ्या शाईतली ओळ माझ्यापुढं धरली. तारीख, पाण्याची उंची, आणि पुढं: नारळ, बारा सेकंद. मास्तर पुलावर हजर.

साक्षीदार म्हणून त्यांनी माझं नाव लिहिलं होतं. मी अतिशयोक्ती हा शब्द शोधत होतो तेव्हा ही ओळ लिहून झालेली होती.

"मास्क लावला मी, नाना. तुमचा नारळ पुसला. पाणी मोजायचं सोडून मी लाट मोजली. चार वर्षं मला ठाऊक होतं."

त्यांनी वही मिटली. मला वाटलं आता शिवी देतील. दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मना कशाला सांगतंस?" ते म्हणाले. "मी मोजला होता. मना ठावंच हाय. मना पुलावर हसलं ते लोक खाली उभे हान. त्यांना सांग."

नदीकाठी गाव जमलं होतं. नाना काठी टेकत माझ्या पुढं चालत होते आणि पोचल्यावर नेहमीप्रमाणं मागं उभे राहायला निघाले. मी त्यांचा हात धरला. सुनंदानं दिलेला नारळ त्यांच्या हातात ठेवला. सगळे आमच्याकडं पाहू लागले. खांबावरची माझी रेष त्या सगळ्यांच्या मागं, उन्हात लाल दिसत होती. ठकूबाई पुढच्याच खडकावर बसली होती. मधली धार खडकावरून उसळत होती, लाटा तिथंच उभ्या होत्या. मग मी बोललो, जमेल तेवढ्या मोठ्यानं.

"ठकूबाई, सहा वर्षांपूर्वी याच दिवशी नानांनी नारळ सोडला, तो बारा सेकंदांत उंबराला गेला. मी वर पुलावर होतो. मी तो पाहिला. आणि मी तो पुसून कागदावर नानांना खोटं ठरवलं. ती रेष मी चुकीच्या जागी नेली. तुमच्या म्हशी माझ्या रेषेनं गेल्या, नानांचा गुडघा माझ्या रेषेनं गेला, आणि हे कळूनही मी इथं येऊन चहा पिऊन गप्प परत गेलो. नाना खरं सांगत होते. ठकूबाई, मला माफ करा. नाना, मला माफ करा."